मोठ्या माणसाची लस

गेल्या श्रावणांत एका दुपारीं, खोडाळ्यास पाऊस नुकताच उघडला असतां, माझा एक जुना विद्यार्थी ओटीवर येऊन बसला. त्याचें नांवगांव सांगत नाहीं. त्याच्या अनुज्ञेनें एवढेंच लिहितों कीं, वय चाळिशीचें, दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर हिशेब लिहावयास जातो, आणि कांहीं वर्षांपासून त्याच्या रक्तांत एच्. आय्. व्ही. आहे. औषध नियमित चालूं आहे, प्रकृति ठीक आहे. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या दुखण्यांत लस टोचून घेऊं नये म्हणतात, तें खरें का?" कोणा जाणत्या म्हणविणाऱ्यानेंच त्यास तसें सांगितलें होतें, आणि तेवढ्यावर त्यानें तो विषय सोडून दिला होता.

धर्मराजाच्या तोंडचें अश्वत्थाम्याचें वर्तमान जितकें खरें, तितकेंच हें खरें!

लस म्हटली कीं आपल्याला पाळण्यांतलें मूल आठवतें. परंतु मुंबईंत प्लेगची साथ असतां १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं आपली नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, तेव्हां ते छत्तीस वर्षांचे होते. लस म्हणजे शत्रूची आगाऊ करून दिलेली ओळख, आणि शत्रु वय पाहून येत नाहीं.

एच्. आय्. व्ही. चा विषाणु रक्तांतील सीडी-४ नांवाच्या पांढऱ्या पेशींवरच घाला घालतो, आणि शत्रूची ओळख पटवून इतर पेशींस कामाला लावणें हें काम नेमकें त्यांचें. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत त्या सामान्यतः ५०० हून अधिक असतात. त्या फार घटल्या म्हणजे धडा देऊनहि वर्ग शिकत नाहीं. औषधानें वाढल्या कीं शिकूं लागतो. १९८६ सालीं मद्रासेस डॉ. सुनीति सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, व त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनीं हा विषाणु या देशांत प्रथम दाखवून दिला, तेव्हां अशा रोग्याच्या लसीचा विचार कोण करणार? १ एप्रिल २००४ पासून सरकार औषध विनामूल्य देऊं लागलें, रोगी दीर्घकाळ जगूं लागले, आणि मग हा प्रश्न उभा राहिला.

लसींचे प्रकार दोन. कांहींत जंतु जिवंत पण क्षीण केलेला असतो: गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसी अशा. सीडी-४ ची संख्या २०० च्या खालीं असतां त्या देत नाहींत, क्षयाची बी. सी. जी. तर संख्या कितीहि असली तरी नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या कानीं पडलें तें एवढेंच. दुसऱ्या प्रकारांत जिवंत जंतु मुळींच नसतो. दरसाल टोचावयाची फ्ल्यूची लस, न्युमोनियाच्या न्युमोकॉकस जंतूवरील लस, धनुर्वात-घटसर्पाची दर दहा वर्षांची, यकृतदाहाची म्हणजे हेपॅटायटिस-बीची, या सर्व त्यास चालतात; चालतात कसल्या, इतरांहून अधिक लागतात. यांपैकीं कांहींना पदरचे पैसे मोडावे लागतात, हें मात्र खरें.

हेपॅटायटिस-बीचें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे. तो एच्. आय्. व्ही. च्याच वाटांनीं येतो: रक्त, शरीरसंबंध, मातेकडून बालकास. म्हणून आधीं रक्त तपासून तो नाहीं अशी खात्री करावी लागते. इतरांस तीन मात्रा पुरतात. या रोग्यांस पुष्कळ वैद्य दुप्पट प्रमाणांत चार देतात, आरंभीं, पहिल्या, दुसऱ्या व सहाव्या महिन्यास. पुढें एक-दोन महिन्यांनीं पुन्हां रक्त पाहून लस लागू पडली कीं नाहीं तें ठरवितात. न पडल्यास पुन्हां टोचतात. परीक्षा घेतल्यावांचून वरच्या वर्गांत घालणें आम्हांसहि कधीं मानवलें नाहीं.

अडचण पंचांगाची आहे. मोखाडा-जव्हारकडील पुष्कळ माणसें दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. श्रावणांत आरंभ केला तर चौथी मात्रा माघांत येते, माणूस परगांवीं! मात्रा चुकली म्हणून पुष्कळजण सारेंच सोडतात. तसें कारण नाहीं. पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. राहिलेली मात्रा शक्य तितक्या लवकर घेतली म्हणजे झालें.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांविषयीं. एकत्र कुटुंबांत असें दुखणें माजघराच्याहि बाहेर जाऊं देत नाहींत. जगास सांगूं नये, हें मान्य. २०१७ च्या कायद्यानें रोग्याच्या संमतीवांचून तें उघड करण्यास बंदी आहे, आणि या कारणास्तव उपचार नाकारण्यासहि. पण सुई हातीं घेतलेल्या डॉक्टरापासूनच लपविलें तर त्यानें कोणती लस टाळावी हें त्यास कसें कळावें? शिवाय घरांतील इतरांनीं फ्ल्यूची लस घेतली तर दुबळ्या माणसापर्यंत ताप पोंचण्याची वाट अरुंद होते. त्यासाठीं कोणास कांहीं सांगावेंहि लागत नाहीं.

तो मग आपल्या औषधोपचार-केंद्रांतील डॉक्टरांस भेटला. तिसरी मात्रा दिवाळीपूर्वीं झाली. चौथीची तारीख लिहिलेला कागद त्यानें शिधापत्रिकेबरोबर प्लास्टिकच्या पिशवींत घालून भिवंडीस नेला आहे. त्याची एक प्रत माझ्या पेटींत आहे.