प्रशिक्षणाविना संकेतस्थळ : ग्रामीण महाविद्यालयात कामातून होणारे शिक्षण

प्रस्तावना

महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही आता शोभेची वस्तू राहिलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित पद्धतीत स्वयंमूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर ठेवणे आवश्यक ठरले. २०२० च्या टाळेबंदीत तर प्रवेश, सूचना, वेळापत्रके असा सारा व्यवहार तेथूनच करावा लागला. मात्र बिलोलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या कामासाठी वेगळे पद सहसा नसते. ज्याला संगणकाची थोडी ओळख आहे, त्याच्याकडे ते येते. बहुधा तो एखादा कनिष्ठ लिपिक असतो किंवा नव्याने रुजू झालेला प्राध्यापक.

प्रस्तुत लेखक मराठी विषयाचा अध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात रुजू होताच, "सर, तुम्हाला मराठी टायपिंग येते ना? मग संकेतस्थळ तुम्हीच पाहा," असे सांगून हे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. असे शिक्षण कसे घडते, ते कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसते, याची चर्चा या लेखात केली आहे.

काज-बटणापासून कटिंगपर्यंत

जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातील शिंप्यांच्या उमेदवारीचा अभ्यास केला आणि पुढे एटिएन वेंगर यांच्यासमवेत १९९१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. उमेदवार शिंपी कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने शिकतो, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या शिलाईच्या दुकानातही हेच दिसते. पोरगा आधी काज-बटण करतो, मग तुरपाई, मग मशीनवर बसतो. कापडाला कात्री लावण्याचा अधिकार त्याला शेवटी मिळतो, कारण कापणीतली चूक परत जोडता येत नाही.

संकेतस्थळाचे काम शिकणाराही याच वाटेने जातो. प्रथम सूचना चढविणे, मग तुटलेला दुवा दुरुस्त करणे, मग तक्ता मांडणे. संपूर्ण रचना स्वतः करणे फार पुढचे. महाजालाच्या घडणीने ही वाट सोपी केली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. कोणत्याही पानाची एचटीएमएल संहिता ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते. उस्तादाच्या दुकानाला दारच नसावे, तसे हे आहे. या क्षेत्रातील कितीतरी साधने गरजेपोटीच जन्मली. आपल्या व्यक्तिगत पानाला कोण भेट देते हे कळावे म्हणून रास्मस लेरडॉर्फ यांनी लिहिलेल्या छोट्या आज्ञावलींतून १९९५ मध्ये पीएचपी पुढे आली. २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू करणाऱ्या दोघांपैकी मॅट मुलेनवेग हे त्या वेळी महाविद्यालयीन विद्यार्थी होते.

तथापि एक फरक लक्षात घ्यावा लागतो. शिंप्याच्या दुकानात मास्टर समोर बसलेला असतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात तसा कोणी नसतो, म्हणून शिकविण्याचे काम चुकीलाच करावे लागते. येथे एचटीएमएल शिकणाऱ्याची दिशाभूल करते. एखादी खूण बंद करावयाची राहिली, तरी ब्राउझर आपल्या समजुतीने पान जुळवून दाखवितो. आपले बरोबर आहे, असे शिकणाऱ्यास वाटत राहते आणि वर्षभराने दुसऱ्या यंत्रावर तेच पान विस्कटते. पीएचपीत मात्र एक अर्धविराम सुटला की पान उघडतच नाही. प्रस्तुत लेखकास हा कडक शिक्षक अधिक मानवला.

देवनागरीचा प्रश्न

लेखकाचे खरे शिक्षण मात्र लिपीने केले. कार्यालयातील जुन्या सूचना ज्या फॉन्टमध्ये टंकित केलेल्या होत्या, त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर शिष्यवृत्तीची सूचना निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उमटे. अर्जाची अंतिम तारीख विद्यार्थ्यांना वाचताच येत नव्हती. याहून मोठी हानी ती कोणती?

उपाय युनिकोड हा होता. देवनागरी १९९१ पासूनच युनिकोडमध्ये आहे आणि तिची मांडणी भारतीय इस्की प्रमाणावर आधारलेली आहे. परंतु रूपांतर वाटते तितके सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविली जात, म्हणजे 'शिक्षण' या शब्दात पहिली वेलांटी आधी आणि 'श' नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, 'श' आधी आणि वेलांटी नंतर. जोडाक्षरे व रफार यांची गुंतागुंत आणखी वेगळी. त्यामुळे रूपांतरक वापरला तरी प्रत्येक सूचना डोळ्यांखालून घालावी लागते.

याहून सूक्ष्म अडचण मराठीत आहे. 'कर्मचाऱ्यांची' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो. साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन, किंवा युनिकोडमधील वेगळ्या 'ऱ' ला हलन्त देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत. एका प्रकाराने लिहिलेली यादी दुसऱ्या प्रकाराने शोधली तर अनेकदा सापडत नाही. संगणकशास्त्राच्या पदवीधरालाही हे ठाऊक असेलच असे नाही. मराठीच्या अध्यापकाला मात्र तो शब्द खटकतो आणि तो कारण शोधू लागतो. (बिलोली तेलंगणाच्या सीमेवर आहे. येथे उर्दू मजकूर द्यावयाचा झाला, तर पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठरवावी लागते, हा आणखी एक धडा.)

जे कामातून कळत नाही

कामातून शिकणारा समोर आलेले तेवढेच शिकतो. जे कधी समोर आले नाही, त्याचे अस्तित्वच त्याला माहीत नसते. मूळ फायलींची प्रत ठेवणे, गुप्तशब्दांची व्यवस्था, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचकप्रणालीसाठी चित्राला पर्यायी मजकूर देणे या गोष्टी काम अडले तरच कळतात. उपरोक्त महाविद्यालयात संकेतस्थळाचे नाव एका जुन्या कंत्राटी सहायकाच्या व्यक्तिगत ई-मेलवर नोंदविलेले होते. तो नोकरी सोडून गेला, नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्याच पेटीत पडत राहिली आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत संकेतस्थळ बंद पडले. दोष एकट्या कोणाचा नव्हता. नाव विकत घेतले की ते कायमचे आपले झाले, असे सर्वांनाच वाटत होते.

म्हणून औपचारिक शिक्षण अनावश्यक ठरते, असे लेखकाचे मत नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील छोटे पाठ विनामूल्य आहेत व त्यांपैकी अनेकांना मराठी निवेदन आहे. झॅम्पसारख्या प्रणालीने आपल्याच संगणकावर संकेतस्थळाची प्रत चालविता येते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही सराव होतो आणि कात्री खऱ्या कापडावर चालत नाही.

अधिक अवघड प्रश्न मान्यतेचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-आशयनिर्मितीला गुण आहेत. संकेतस्थळ चालते ठेवण्याच्या कामाला तसे स्वतंत्र स्थान नाही. लिपिकाला तर तेवढीही सोय नाही. लेखकाला पीएचपीची पहिली दुरुस्ती ज्या लिपिक बंधूंनी दाखविली, त्यांच्या सेवापुस्तिकेत या कौशल्याची एक ओळही नाही. त्यांची बदली दुसऱ्या विभागात झाली, तेव्हा कार्यभाराच्या यादीत टेबल, कपाट व शिक्के यांची नोंद झाली, संकेतस्थळाची झाली नाही.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. नाव कोठे व कोणत्या ई-मेलवर नोंदविले आहे, त्याची मुदत केव्हा संपते, मूळ प्रत कोणत्या डिस्कवर आहे, कोणती दुरुस्ती कोणी व का केली, हे तीत शाईने लिहिले जाते. गुप्तशब्द मोहरबंद पाकिटात प्राचार्यांकडे असतात. ही वही आवक-जावक नोंदवहीच्या शेजारी ठेवलेली असून तिच्या पहिल्या पानावर त्या लिपिक बंधूंचे नाव आहे.