पोर्ट उघडला, पण पलीकडे ऐकतंय कोण?

मित्रांसोबत ऑनलाइन खेळताना स्क्रीनवर ‘नॅट टाइप: स्ट्रिक्ट’ झळकलं, की मुलं यूट्यूब पाहत थेट राउटरच्या सेटिंगमध्ये शिरतात. तिथे उपाय ठरलेला असतो: पोर्ट उघडा. खेळ सुरळीत चालू लागतो आणि उघडलेला पोर्ट सगळे विसरून जातात.

घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप या सगळ्यांना मिळून इंटरनेटवर सहसा एकच पत्ता असतो. कोणत्या उपकरणाने काय मागवलं याची नोंद राउटर ठेवतो आणि न मागवता आलेलं दारातूनच परत पाठवतो. ही ‘नॅट’ नावाची सोय १९९० च्या दशकात आली ती पत्त्यांचा तुटवडा पडू लागला म्हणून. घराला मिळणारं संरक्षण हा वरकड फायदा. पोर्ट म्हणजे ये-जा करण्याचा क्रमांक दिलेला दरवाजा; तो उघडला की त्या क्रमांकापुरता हा फायदा संपतो: तिथे येईल ते सगळं ठरलेल्या संगणकाकडे जातं. घरी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवणारे २५५६५ हा क्रमांक असाच मोकळा करतात.

नुसत्या उघड्या पोर्टने काही बिघडत नाही. खरा प्रश्न त्यावर ऐकत बसलेल्या प्रोग्रॅमचा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली चूक उघडकीस आली. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती हीच लायब्ररी वापरत होती. चॅटमध्ये कुणी एक विशिष्ट ओळ टाइप केली, की ती नोंदवता नोंदवता सर्व्हर त्या ओळीतल्या पत्त्यावर जाई आणि तिथला परका कोड आणून चालवू शके. त्रुटीची तीव्रता ठरली १० पैकी १०. दुरुस्त केलेली १.१८.१ आवृत्ती लगेच आली, पण अपडेट न केलेल्या घरात हल्लेखोराला सर्व्हरवरून बाकीच्या उपकरणांकडे वळायला वाट मोकळीच राहिली.

‘आपल्या घराकडे कोण बघतंय?’ या भ्रमात राहू नये. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये आणलेलं झेडमॅप हे साधन वेगवान जोडणीवर एका संगणकातून, जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे जगभरातले सार्वजनिक पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांत तपासू शकतं. अशी चाचपणी करणाऱ्याला तुमचं नाव-गाव ठाऊक असावं लागत नाही.

त्यातून राउटरवर ‘यूपीएनपी’ ही सोय चालू असेल, तर गेम किंवा एखादं घुसखोर सॉफ्टवेअरही कुणाला न विचारता पोर्ट उघडून घेतं. ‘डीएमझेड’ हा पर्याय तर जवळजवळ सगळेच क्रमांक एका उपकरणाकडे वळवतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

ज्या खेळांचे सर्व्हर कंपनीच चालवते, त्यांना बहुधा पोर्ट उघडावाच लागत नाही. उघडायचाच असेल तर गेमने सांगितलेलेच क्रमांक, तेही एकाच उपकरणासाठी उघडा. गेम अद्ययावत ठेवा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि जमल्यास खेळाचा संगणक गेस्ट नेटवर्कवर टाका. गेम काढून टाकला तरी पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीतला नियम आपोआप जात नाही. तो हातानेच पुसावा लागतो.