मंडपाखाली उभं राहून

जिंतूरकडून वेरूळला निघालेल्या सहलीच्या एसटी गाड्या देवगाव फाट्यावर चहाला थांबतात. तिकिटात निम्मी सवलत असते, म्हणून खेड्यातल्या शाळांनाही ही सहल परवडते. फाट्याला येण्याआधीच चारठाणा मागं पडलेलं असतं. तिथं यादवकाळातली देवळं आहेत, एकटा उभा मानस्तंभ आहे, बारव आहे. पण सहलीच्या यादीत चारठाणा नसतं.

मुलांना वास्तुकला शिकवायची म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या संग्रहालयांनी उशिराच हाती घेतला. अडचण खरी आहे. मूर्ती काचेमागं ठेवता येते, नाणं ठेवता येतं. देऊळ कसं ठेवणार? पुण्याच्या केळकर संग्रहालयानं कोथरूडचा मस्तानी महाल उचलून आणून उभा केला. बॉस्टनच्या बालसंग्रहालयात तर क्योतोतलं एक अख्खं जुनं घर आहे. मुलं बूट काढून आत जातात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत हाच एक धडा आहे. जॉर्ज विटेटनं आराखडा केला, घुमटाची प्रेरणा विजापूरच्या गोलघुमटाची आणि मधल्या दालनातलं लाकूडकाम नाशिकच्या वाड्यातलं. 1922 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. खास मुलांचं संग्रहालय मात्र 2019 मध्ये आलं. त्याआधी 2015 पासून या वस्तुसंग्रहालयाची फिरती बस गावोगावच्या शाळांत जाऊ लागली. उपक्रम उत्तमच. पण बसमध्ये वस्तू मावतात, मंडप मावत नाही. तो जिथं आहे तिथंच जाऊन पाहावा लागतो.

आणि जाऊन पाहायचं काय? आपल्याकडे मुलांना राजवंश सांगतात, देवाचं नाव सांगतात, शतक लिहून घ्यायला लावतात. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते शिकवणं तिथूनच सुरू व्हावं. मंडपात एवढे खांब कशाला? एक खडू घ्यावा, दोन्ही टोकं टेकवून मधोमध दाबावा: कट्‌कन मोडतो. तोच उभा धरून वरून दाबला तर बराच भार सोसतो. दगडी तुळईचंही तसंच आहे. वाकवणारा ताण काळ्या पाषाणालाही फारसा झेपत नाही, म्हणून तुळई आखूड ठेवावी लागते आणि खांब जवळजवळ येतात. मग मान वर करून छत पाहावं. चारी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून चौकोन लहान करत नेलेला असतो, आणि उरलेली फट एका शिळेनं झाकलेली. हे सगळं चुन्याशिवाय, वजनावर आणि खाचांवर. हेमाद्री पंडिताच्या नावावर ही पद्धत चढली खरी, पण ती त्याच्याही आधीची आहे. हे मुलांना आवर्जून सांगावं. पाटीवरचं नाव आणि दगड घडवणारे हात वेगळे असू शकतात.

मंडपासारखंच बारवेचंही. याच भागात, सेलू तालुक्यात, वालूरची चक्राकार बारव आहे. तिथं पायऱ्या गोल फिरत खाली जातात. सरळ जिना आणि हा जिना यांतला फरक वर्गात फळ्यावर काढून कळणार नाही. दोन पावलं उतरली की अंगाला कळतो. पाणी असताना मुलं काठावरच थांबवावीत, दोर बांधावा, जोडीला मोठी माणसं असावीत. शिक्षकांची धास्ती रास्त आहे, पण ती सहल रद्द करण्याचं कारण होऊ नये.

मराठवाड्यात असं जागेवर नेऊन शिकवण्याचं काम अंगावर घेऊ शकेल असं ठिकाण मला तेर वाटतं. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय तिथं आहे, सातवाहनकाळाच्या वस्तूंनी भरलेलं. मुलं रांगेनं त्या बघतात आणि गाडीत बसतात. त्याच गावात त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागची भिंत गोलाकार, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. आयताकार विटांनी गोल भिंत कशी वळवली, हे शोधायला एक मोजपट्टी, एक दोरी आणि तासभर वेळ लागेल. एवढा तास कार्यक्रमपत्रिकेत घालणं संग्रहालयाच्याच हातात आहे.