लहान आतड्यातील आनुवंशिक पॉलिप व त्यांचे अंतर्दर्शन

उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी दहा-बारा वर्षांचे मूल पोटात वारंवार कळ येते म्हणून डॉक्टरांकडे आणले जाते, तेव्हा जंत किंवा आतड्याचा क्षय ही कारणे प्रथम मनात येतात; व ते योग्यच आहे. परंतु मुलाच्या ओठांवर काळसर ठिपके असल्यास प्यूट्झ-जेगर्स विकाराचाही विचार करणे अवश्य ठरते. हॉलंडमधील प्यूट्झ यांनी १९२१ साली एका कुटुंबातील हा विकार वर्णिला. १९४९ साली जेगर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे स्वरूप निश्चित केले. त्याला कारणीभूत असलेले जनुक १९९८ साली सापडले.

या विकारात लहान आतड्यात पॉलिप वाढतात. मोठा पॉलिप आतड्याची भिंत ओढून पुढील भागात शिरवतो, आतडे बंद होते व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. रक्तस्राव व पुढे कर्करोग यांचाही संभव असतो.

सुमारे ६ मीटर लांबीच्या या आतड्याचा मधला भाग नेहमीच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर होता. २००० साली इस्रायलमधील इद्दान प्रभृतींनी गिळावयाच्या कॅप्सूल-कॅमेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो छायाचित्रे घेतो. तुकडा काढू शकत नाही. आतड्याच्या वरच्या भागातून तो वेगाने जात असल्याने एकटे अर्बुद क्वचित निसटते. क्षयामुळे आतडे अरुंद झाले असल्यास तो अडकण्याचा धोका असतो. म्हणून तशी शंका असता आधी सी. टी. अथवा एम. आर. तपासणी करावी. जपानमधील यामामोतो यांनी २००१ साली मांडलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने आतडे नळीवर चुणत आत जाता येते, तुकडा घेता येतो व पॉलिप छाटताही येतो. १५ ते २० मिलिमीटरांहून मोठे पॉलिप वेळीच काढल्यास आतडे बंद होण्याचे संकट बहुधा टळते.

मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप असणारा आनुवंशिक विकार याहून भिन्न होय. त्यात ग्रहणीची, विशेषतः पित्तनलिकेच्या मुखाजवळची, तपासणी बाजूने पाहणाऱ्या दुर्बिणीने करावी लागते.

हे दोन्ही दोष प्रभावी आहेत. माता-पित्यांपैकी एकाकडून आलेला दोष पुरेसा असून प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या प्रथेस येथे कारण मानू नये. प्यूट्झ-जेगर्स कुटुंबातील मुलाची लहान आतड्याची पहिली तपासणी, लक्षणे नसली तरी, आठव्या वर्षी करण्याची शिफारस आहे.

कॅप्सूल व फुग्यांची दुर्बीण ही मोठ्या रुग्णालयांची साधने होत. परंतु तेथे कोणास पाठवावयाचे हे तालुक्यातच ठरते. वयाबरोबर ओठांवरील ठिपके फिके होतात, गालांच्या आतील बाजूचे मात्र बहुधा टिकून राहतात. म्हणून मुलासोबत आलेल्या आईवडिलांचेही तोंड उजेडात उघडून पाहावे.