मोटारसायकलचा पुढचा ब्रेक : आधी दुरुस्ती, मग सुधारणा

दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोचविणे, बाजारात भाजीपाल्याचे क्रेट नेणे, शेतावर खताची गोणी नेणे ही कामे आता बहुतेक ठिकाणी मोटारसायकलवर होतात. गाडीवरील ओझे वाढले, परंतु ब्रेककडे लक्ष त्या प्रमाणात वाढले नाही. अनेक गाड्यांचा पुढचा ब्रेक मुद्दाम ढिला सोडलेला आढळतो. ‘पुढचा ब्रेक गाडी पाडतो’ हा समज त्यामागे असतो. हा समज जिवावर बेतू शकतो. म्हणून पुढच्या ब्रेकची दुरुस्ती व सुधारणा कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

पुढचा ब्रेक महत्त्वाचा का?

भरलेली बैलगाडी उताराला लागली की ओझे बैलांच्या खांद्यावर येते, गाडी धुरजड होते. मोटारसायकलचा ब्रेक दाबल्यावर तेच घडते. वजन पुढच्या चाकावर येते आणि त्याची रस्त्यावरील पकड वाढते. मागचे चाक मात्र हलके होऊन चटकन घसरते. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराने थांबताना निम्म्याहून बरेच जास्त काम पुढच्या ब्रेकलाच करावे लागते.

ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन्ही ब्रेक लावून वेग दर सेकंदाला ताशी २० कि.मी.ने कमी झाला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी २५ मीटरमध्ये थांबते. केवळ मागच्या ब्रेकवर तो ताशी १० कि.मी.नेच कमी झाला, तर ५० मीटर लागतात. वळणावर अचानक उसाची ट्रॉली समोर आल्यास हे २५ मीटर फार मोलाचे ठरतात.

ओझ्याचाही विचार करावा. ४० लिटरच्या दोन भरलेल्या कॅनमध्ये नुसते दूधच ८० किलोपेक्षा जास्त असते. गाडी व चालक मिळून १८० किलो धरले आणि कॅनसह ९० किलोची भर पडली, तर ब्रेकचा जोर तेवढाच राहिल्यास थांबण्याचे अंतर दीडपट होते.

ड्रम ब्रेकची दुरुस्ती

पुष्कळदा नवीन सामान न घालताही ब्रेक बराच सुधारतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

१) लायनर : ब्रेक पूर्ण दाबल्यावर ब्रेकच्या दांडीजवळील बाण खुणेपर्यंत पोहोचला, की लायनर संपले असे समजून दोन्ही शू एकदम बदलावेत. काही ठिकाणी झिजलेले लायनर तसेच ठेवून दांडी एक-दोन दाते सरकवून बसवितात. यामुळे ब्रेक तात्पुरता लागतो, पण आतील कॅम प्रमाणाबाहेर फिरून चाक अडकण्याचा धोका राहतो. असे कधीही करू नये.

२) ड्रम : ड्रममध्ये जास्तीत जास्त किती व्यास चालेल हे बहुधा कोरलेले असते. त्यापेक्षा झीज जास्त असल्यास नवे लायनरही नीट टेकत नाहीत. अशा वेळी ड्रम बदलावा.

३) केबल : तारा तुटलेली किंवा गंजलेली केबल बदलावी. ब्रेक लागतो त्या वेळी केबल व दांडी यांच्यात साधारण काटकोन असावा, म्हणजे हाताचा जोर वाया जात नाही.

४) कॅम : कॅमच्या दांड्याला अगदी थोडे ग्रीस लावावे. लायनरवर ग्रीस, ऑइल किंवा डिझेल गेल्यास ब्रेक लागत नाही, म्हणून चाकाचा हा भाग डिझेलने धुऊ नये. आतील भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे.

५) मोकळी चाल : लिव्हरच्या टोकाशी किती चाल ठेवावी हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, त्याप्रमाणे नट फिरवावा.

डिस्क ब्रेक बसविताना

लांब घाट उतरताना ड्रम आतून तापतो व ब्रेकचा जोर कमी होतो. पाणी आणि चिखल आत गेल्यास तो लवकर निघत नाही. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते व पाणी झटकून टाकते. म्हणून घाटात किंवा ओझे घेऊन नेहमी फिरणाऱ्यांना डिस्क सोयीची ठरते.

परंतु केवळ डिस्क व कॅलिपर आणून काम भागत नाही. आपल्याच मॉडेलची डिस्क असलेली गाडी कंपनीने काढली असेल तरच हा बदल करावा. त्या गाडीचे चाक, शॉकॲब्सॉर्बरचा खालचा भाग, आस, स्पीडोमीटरचा गिअर, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर व ब्रेक पाइप असा पूर्ण संच घ्यावा. जुन्या शॉकॲब्सॉर्बरला पट्टी वेल्डिंग करून कॅलिपर बसवू नये. ब्रेक दाबल्यावर येणारा सर्व ताण त्या जोडावर येतो.

मास्टर सिलिंडर व कॅलिपर एकमेकांना जुळणारेच असावेत. मास्टरचा पिस्टन १२ मि.मी. आणि कॅलिपरचा ३० मि.मी. असेल, तर जोर सव्वासहा पट होतो. मास्टर १५ मि.मी.चा घातल्यास तो चौपटच राहतो व लिव्हर दगडासारखी लागते. उलट मास्टर फार लहान असेल, तर लिव्हर मुठीला टेकते.

हे बदल कोठे करू नयेत? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नवीन गाड्यांना ए.बी.एस. आणि त्याखालील गाड्यांना सी.बी.एस. किंवा ए.बी.एस. असणे बंधनकारक झाले. सी.बी.एस.मध्ये मागचा ब्रेक दाबताच पुढचाही लागतो. अशा गाड्यांची मूळ जोडणी मोडू नये. तसेच मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. म्हणून कामापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करावी.

ब्रेक ऑइल व हवा काढणे

टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच (डॉट ३ किंवा डॉट ४) ऑइल सीलबंद डब्यातून वापरावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे तापल्यावर त्यात वाफ होऊन ब्रेक जातो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. इंजिन ऑइल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

पाइपमध्ये हवा राहिल्यास लिव्हर स्पंजासारखी दबते. हवा काढण्यासाठी कॅलिपरच्या निपलला नळी लावावी, लिव्हर दाबून धरावी, निपल उघडावे, ते बंद करावे आणि मगच लिव्हर सोडावी. बुडबुडे थांबेपर्यंत असेच करावे. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. हे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कोठे ताणला किंवा घासला जात नाही ना, हे पाहावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

• नवीन लायनर किंवा पॅडवर पहिले २०० ते ३०० कि.मी. बेताने ब्रेक लावावेत.
• लिव्हर एकदम ओढू नये, जोर हळूहळू वाढवावा. दोन्ही ब्रेक बरोबर लावावेत.
• वाळू, चिखल आणि वळणावर पुढचा ब्रेक जपून लावावा, वेग वळणाआधीच कमी करावा.
• ओझे मागच्या आसाच्या फार मागे बांधल्यास गाडी उलाळ होऊन पुढचे चाक हलके होते. कॅन शक्यतो पुढे व खाली बांधावेत.
• गुळगुळीत झालेल्या टायरवर उत्तम ब्रेकचाही उपयोग होत नाही. ब्रेकबरोबर टायरही तपासावा.

खरीप हंगामापूर्वी आपण फवारणी पंप व पेरणी यंत्राची दुरुस्ती करून घेतो. त्याच यादीत मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचीही नोंद करावी. ड्रमची नीट दुरुस्ती केल्यास अनेकांना डिस्कची गरजही भासणार नाही. दुरुस्ती झाल्यावर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासावा व नंतरच गाडीवर ओझे लादावे.