पिकअप गाडीचा उष्णतेचा कांटा वरखालीं कां होतो ?

आंब्याच्या हंगामांत रत्नागिरीहून कोल्हापुरास माल नेणाऱ्या पिकअप गाड्यांना आंबा घाट चढावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांतील ऊन, पाठीवर पेट्यांचा भार आणि वळणावळणाची चढण यांत इंजिनाची खरी परीक्षा होते. अशा वेळीं समोरच्या तबकडींतील उष्णता दाखविणारा कांटा मध्यावरून वर चढतो, खालीं येतो, पुन्हां चढतो. आणि गाडी थांबवावी कीं तशीच पुढें न्यावी हें चालकास उमगत नाहीं. थांबावें तर माल उन्हांत तापतो, न थांबावें तर इंजिन हातचें जाण्याचें भय. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां स्वतःची पिकअप उभी आहे; तेव्हां या कांट्याचें म्हणणें काय असतें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा कांहीं भागच चाकांच्या कामीं येतो. उरलेल्यापैकीं मोठा वांटा धुराबरोबर बाहेर पडतो व दुसरा मोठा वांटा पाण्यानें वाहून न्यावा लागतो. सिलिंडरांभोंवतीं खेळणारें हें पाणी पंप फिरवितो. तें रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्यानें निवतें आणि परत इंजिनांत येतें. वाटेवर थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. शेतांत दारें धरणारा मनुष्य जसा पहिला वाफा भरेपर्यंत पाणी पुढें सोडीत नाहीं, तशी ही झडप इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊं देत नाहीं. तिच्या पोटांत मेण असतें. तें वितळून फुगलें म्हणजे दार उघडतें. बहुतेक इंजिनांत हें उघडणें ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या सुमारास सुरू होतें. रेडिएटरचें झांकण तर निव्वळ झांकण नव्हे. तें आंत दाब धरून ठेवतें. साधें पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळतें; झांकणानें एक बार दाब धरला तर तेंच १२० अंशांच्या आसपास उकळतें. झांकणाचें रबर कडक होऊन चिरलें कीं ही सवलत गेली.

कांटा हलतो एवढें सांगून मिस्त्रीचें काम भागत नाहीं. तो केव्हां हलतो हें मालकानें स्वतः पाहिलें पाहिजे. बाजाराच्या फाटकाशीं रांगेंत उभें असतां चढतो आणि गाडी धांवूं लागतांच उतरतो, तर दोष पंख्याकडे शोधावा. उभ्या गाडीस पंख्याशिवाय दुसरा वारा नाहीं. विजेचा पंखा असल्यास फ्यूज व रिले पाहावा, पट्ट्यावरचा असल्यास पट्ट्याचा ताण पाहावा. याच्या उलट, उभी असतां ठीक आणि भार घेऊन चढणीस लागली कीं वर, असें असेल तर वारा नव्हे, पाणीच कमी फिरत आहे किंवा त्याची उष्णता बाहेर पडत नाहीं. आमच्या गाड्या कडब्यांतून, मळणीच्या भुसांतून आणि चिखलांतून फिरतात. रेडिएटरच्या पत्र्यांत भूस व माती बसून वाट बुजते. इंजिन थंड असतां, इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस, हलक्या धारेनें पाणी सोडून तें धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें नाजूक पत्रे वांकतात व वाट अधिकच बुजते.

गाडी सुरू केल्यावर कांटा बराच वर जातो, मग एकदम उतरतो आणि हाच खेळ पुन्हां पुन्हां चालतो, तर थर्मोस्टॅट अडखळत आहे किंवा पाण्यांत हवा अडकली आहे असें समजावें. हवा असेल तर पुष्कळदां खळखळ ऐकूं येते. थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या चुलीवर होते. तो काढून पातेल्यांतील पाण्यांत दोरीनें लोंबता धरावा, शेजारीं उष्णतामापक ठेवावा, आणि त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास तो उघडतो कीं नाहीं हें पाहावें.

क्षणांत उडी मारणारा, किंवा दिवे लावतांच हलणारा कांटा बहुधा खोटा असतो. कित्येक लिटर पाणी पापणी लवण्याच्या आंत तापत नाहीं किंवा निवत नाहीं. तेथें तारेचा सैल जोड, गंजलेली अर्थिंग किंवा बिघडलेला सेन्सर शोधावा.

परंतु याच ठिकाणीं वाचकांनीं विशेष सावध राहावें. तापलेल्या इंजिनाचा कांटा एकाएकीं थंडाकडे पडला म्हणजे चालकास हायसें वाटतें. वस्तुतः पाणी गळून गेलें असतां सेन्सर कोरडा पडतो, आणि पाण्याचा स्पर्श सुटल्यामुळें तो कमी उष्णता दाखवूं शकतो. इंजिन जळण्याच्या बेतांत असतां कांटा शांत असतो तो असा. चढणीवर कांटा उंच असतां अकस्मात् पडला, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें व खालीं उतरून पाहावें.

थर्मोस्टॅट काढून फेंकून देण्याचा सल्ला पुष्कळ मिस्त्री देतात, तो आम्हांस मान्य नाहीं. इंजिन योग्य उष्णतेस पोंचत नाहीं, इंधन अधिक लागतें व झीज वाढते. शिवाय कांहीं इंजिनांत ही झडप उघडतांना आडवाट बंद करते. ती नसली तर पाणी रेडिएटर टाळून तसेंच परत फिरतें आणि इंजिन उलट जास्त तापतें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी रेडिएटरांत भरण्याची संवयही सोडावी. हंड्याच्या बुडाशीं जो पांढरा थर धरतो, तोच बारीक नळ्यांत धरतो. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंट व शुद्ध केलेलें पाणी घालावें. दोन जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत.

कोठेंही गळती नसतां पाणी कमी होतें, थंड इंजिन सुरू करतांच वरची रबरी नळी फार लवकर ताठ होते, उघड्या रेडिएटरांत बुडबुडे येत राहतात, किंवा तेल दुधाळ दिसतें, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. अशी गाडी मालासह घाटांत नेऊं नये.

आणि घाटांतच कांटा चढला तर ? वातानुकूलन बंद करावें. उष्ण वारा देणारा हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा. तो लहानसा रेडिएटरच आहे. खालच्या गिअरमध्यें सावकाश चालवावें. तरीही कांटा चढतच राहिला, किंवा वाफ दिसली, तर थांबून इंजिन बंद करावें. झांकणास निदान अर्धा तास हात लावूं नये. दाबाखालचें पाणी तोंडावर उसळून माणसें भाजतात. रिकाम्या तप्त इंजिनांत गार पाणी ओतल्यास हेड तडकूं शकतें. नळी हातास सोसेल इतकी निवाली म्हणजे झांकण उघडून पाणी थोडें थोडें भरावें, इंजिन मंद चालू करावें, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी पुरी करीत राहावी, आणि मगच झांकण घट्ट बसवावें.