गोदरेज अँड बॉइस : पोलादी फर्निचर

कुलपे व तिजोऱ्या यांच्या निर्मितीतून पोलादी कपाटे, टेबले व खुर्च्या यांच्या उत्पादनाकडे वळलेली मुंबईची उद्योगसंस्था. संस्थापक आर्देशिर बर्जोरजी गोदरेज (१८६८–१९३६) हे मूळचे वकील. वकिली सोडल्यावर त्यांनी मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन शस्त्रक्रियेची उपकरणे तयार केली. ती एका ब्रिटिश व्यावसायिकास पसंत पडली. तथापि त्यांवर भारतीय बनावटीचा उल्लेख करण्यास त्याने नकार दिला. आर्देशिर यांनी तडजोड न करता तो धंदाच सोडला आणि १८९७ मध्ये लालबाग येथे कुलपे बनविण्यास प्रारंभ केला. पुढे धाकटे बंधू पिरोजशा (१८८२–१९७२) त्यांना येऊन मिळाले. बॉइस हे भागीदार लवकरच बाहेर पडले. नाव मात्र टिकले.

१९०२ मध्ये तिजोऱ्यांचे उत्पादन सुरू झाले. तिजोरीसाठी जाड पत्रा अचूक वाकविणे, सांधे फटी न राहता जुळविणे आणि दार चौकटीत घट्ट बसविणे आवश्यक असते. हीच कौशल्ये १९२३ मध्ये पोलादी फर्निचरच्या कामी आली. लाकडी कपाटास वाळवी लागते, पावसाळ्यात त्याची दारे फुगतात आणि ते आगीत टिकत नाही. दमट हवेच्या मुंबईत, विशेषतः कचेऱ्यांतील दप्तरांसाठी, पोलादी कपाट त्यामुळे सोयीचे ठरले. त्याची मूठ फिरविताच दारातील दांडे वर, खाली व बाजूस सरकून चौकटीत अडकतात. म्हणजे हे कपाट एका अर्थी मोठे कुलूपच होय. पुढे मराठी घरांत कोणत्याही कारखान्याच्या पोलादी कपाटास ‘गोदरेजचे कपाट’ म्हणण्याची रीत पडली. तीत प्रतिष्ठेचा भाग जितका, तितकाच दागिने व कागदपत्रे यांच्या सुरक्षिततेचाही होता.

घडीच्या खुर्चीत भर असतो तो मजबुतीबरोबर हलकेपणावर. पोलादी नळ्यांच्या दोन चौकटी परस्परांना छेदतील अशा रिव्हेटने जोडतात. बैठक त्यांना अशा रीतीने जोडलेली असते, की ती उचलताच दोन्ही चौकटी जवळ येऊन खुर्ची सपाट होते. माणूस बसल्यावर त्याच्या भाराने पाय फाकू पाहतात. बैठक त्यांना आवरून धरते. सर्व ताण रिव्हेटवर येत असल्याने तेथील छिद्र झिजले, की खुर्ची डुगडुगू लागते. घडीच्या टेबलाचे पायही याच कारणाने आडव्या कडीने रोखावे लागतात. अशा खुर्च्यांसाठी नळी वाकविण्याचे साधन, छिद्रयंत्र व वितळजोड एवढी सामग्री पुरत असल्याने त्या लहान कारखान्यांतही होऊ लागल्या आणि सभा, शाळा व लग्नमंडप यांत रुळल्या. मंडपातील त्यांची जागा १९९० नंतर बहुतांशी एकावर एक रचता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी घेतली.

१९३२ मध्ये संस्थेचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. १९४३ मध्ये पिरोजशा यांनी विक्रोळी येथे विस्तीर्ण जमीन खरेदी केली. पिरोजशा यांचे पुत्र नवल यांनी तेथील उद्योगनगरीच्या उभारणीत प्रमुख वाटा उचलला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) विक्रोळीत दहा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीस बाहेरून कुलूप लावणे परवडणारे नव्हते. म्हणून आतूनच बंद होणाऱ्या कडीची रचना कारखान्यात करण्यात आली. निरक्षर मतदारांची संख्या प्रचंड असलेल्या देशात मताची गुप्तता व सुरक्षितता अशा रीतीने पत्र्याच्या पेटीवर सोपविली गेली. टंकलेखन यंत्रे (१९५५) व प्रशीतक (१९५८) ही उत्पादने त्यानंतरची.

फर्निचर विभाग ‘इंटेरिओ’ या नावाने ओळखला जातो. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथेही त्याचा कारखाना आहे. २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबातील उद्योगांची विभागणी झाली, तीत ही कंपनी जमशेद गोदरेज यांच्या नेतृत्वाखालील समूहाकडे राहिली.